‘काहीतरी चांगलं वाचायला सुचवा ना’ असं कुणी म्हटलं की नक्की काय करायचं

सोसायटीच्या ग्रुपवर किंवा ऑफिसात तुमची ओळख ‘ही खूप वाचते’ अशी एकदा झाली की हा प्रश्न येणारच, आणि त्यावर बहुतेक जण एकच करतात, स्वतःला आवडलेलं शेवटचं पुस्तक समोरच्याच्या गळ्यात मारतात. समोरचा हो हो म्हणतो, पुस्तक नेतो, वीस पानं वाचतो आणि सहा महिने तोंड चुकवत फिरतो. ज्यांना हे काम जरा नीट करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणजे छोटं वाचनालय सांभाळणारे, शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज अचानक अंगावर पडलेले शिक्षक, परदेशातल्या मराठी मंडळात पुस्तकांची पेटी बघणारे, नाहीतर नुसतेच हौशी. डिग्री-बिग्री काही लागत नाही, फोन आणि नेट असलं की झालं.

आधीच एक सांगून ठेवते. ऑनलाइन टूल्स नावं ढिगाने देतात, पण ती सगळी पुस्तकाला पुस्तक जुळवतात, माणसाला पुस्तक जुळवायचं काम तुमच्याकडेच राहतं. आणि मराठीच्या बाबतीत तर ती अर्धी आंधळीच आहेत, त्यामुळे इंग्रजीवाल्यांचे व्हिडिओ बघून तेच मराठीला लावायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही.

स्टेप १: आधी माणूस, मग सर्च

“तुम्हाला कुठल्या प्रकारची पुस्तकं आवडतात?” हे विचारूच नका. या प्रश्नाला माणूस एकतर “काहीही चालेल” म्हणतो, नाहीतर आपण कसे दिसावं त्याप्रमाणे उत्तर देतो, म्हणजे तत्त्वज्ञान, इतिहास वगैरे, आणि घरी जाऊन रहस्यकथा वाचतो (त्यात वाईट काहीच नाही, पण मग आपल्याला रहस्यकथाच शोधायला हवी होती ना). त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण केलंत आणि त्यातलं काय लक्षात राहिलंय? आणि कुठलं अर्धवट सोडलंत? माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळतं, कारण सोडलेल्या पुस्तकाबद्दल लोक खरं बोलतात.

अमेरिकेतल्या पब्लिक लायब्ररीत या कामाला रीडर्स ॲडव्हायजरी म्हणतात आणि तिथे ते रीतसर शिकवलं जातं. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची एक मांडणी मला फार उपयोगी वाटते. त्या म्हणतात की वाचक पुस्तकात चार दारांपैकी एखाद्या दारातून शिरतो, गोष्ट, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. कुणाला पुढे काय होतं हे हवं असतं, कुणाला माणसं हवी असतात, कुणाला तो गाव तो काळ, आणि कुणाला नुसती वाक्यं चाखायची असतात. आपल्याला शोधायचं असतं ते या माणसाचं दार.

उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. समजा एक काकू म्हणाल्या, “मला मृत्युंजय खूप आवडलं.” कुठल्याही वेबसाइटला हे सांगितलंत तर ती पौराणिक कादंबऱ्यांची रांग लावेल, की झालं. पण काकूंना विचारा काय आवडलं. त्या म्हणाल्या “बिचारा कर्ण हो”, म्हणजे अन्याय झालेला नायक, मग रणजित देसाईंचं राधेय आहेच, तेही कर्णावरच. त्या म्हणाल्या “प्रत्येक जण आपापली बाजू सांगतो ते आवडलं”, तर तो पुस्तकाच्या बांधणीचा मुद्दा झाला, मृत्युंजयमध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली वगैरे आपापल्या तोंडून बोलतात आणि तीच रीत खांडेकरांच्या ययातीमध्ये आहे, तिथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. त्या म्हणाल्या “महाभारताकडे वेगळ्या नजरेने बघता आलं”, तर मग कादंबरीच कशाला, इरावती कर्व्यांचं युगांत द्या, नाहीतर भैरप्पांच्या पर्वचा उमा कुलकर्णींनी केलेला मराठी अनुवाद. आणि “काय भाषा आहे!” म्हणाल्या तर त्याच लेखकाचं पुढचं, छावा किंवा युगंधर. पुस्तक एकच पण रस्ते चार, आणि चुकीच्या रस्त्यावर पाठवलंत तर काकू म्हणणार ‘हिला काही कळत नाही’. युगांत हे परखड पुस्तक आहे, ज्याला कर्णासाठी रडायचंय त्याच्या हातात ते दिलं तर त्याचा मूड जाणार हे उघड आहे.

याशिवाय थोडी व्यावहारिक विचारपूस लागते आणि ती लोक हमखास विसरतात. वाचायला वेळ कधी मिळतो, लोकलमध्ये की रात्री झोपताना? डोळ्यांचं काय, बारीक टाइप चालतो का? (आजोबांना सहाशे पानी जाडजूड हार्डबाउंड पुस्तक झोपून धरता येत नाही, ही तक्रार कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेली नसते.) फोनवर वाचता की कागदच हवा? ऐकायला चालेल का? आणि सध्या काय नको, हे जरूर विचारा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आजारपणाची कादंबरी कितीही थोर असो, आत्ता नको.

स्टेप २: इंग्रजी टूल्स कशाला वापरायची

खूप आहेत, मी चार-पाचच सांगते कारण बाकीची त्यांचीच भावंडं आहेत.

गुडरीड्स, म्हणजे वाचकांनी पुस्तकांना रेटिंग आणि रिव्ह्यू द्यायची साइट, सगळ्यांना माहीत असतं, २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचं आहे. त्यातलं सरासरी रेटिंग बघून पुस्तक सुचवू नका. लाखो रेटिंग असलेल्या इंग्रजी पुस्तकांत सगळीच साडेतीन ते साडेचारच्या मध्ये कुठेतरी लटकलेली असतात, त्यातून काय कळणार, आणि मराठी पुस्तकाला बारा-पंधरा रेटिंग असतात ज्यातली निम्मी लेखकाच्या मित्रमंडळींची असू शकतात. शिवाय एकच मराठी पुस्तक रोमन स्पेलिंगने एकदा, देवनागरीत एकदा, वेगळ्या आवृत्तीने आणखी एकदा असं तीन ठिकाणी असतं आणि रेटिंग विभागलेली असतात. मग गुडरीड्स कशासाठी? तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचायला. पाच स्टारवाला आरत्या ओवाळतो, एक स्टारवाल्याचा कुरियरवाल्याशी वाद झालेला असतो (किंवा त्याने पुस्तक वाचलेलंच नसतं, प्रकाशनाच्या आधीच ठरवून एक-एक स्टार देऊन पुस्तक पाडायचे प्रकार तिथे झालेले आहेत). तीन स्टारवाला मात्र शांतपणे लिहितो की सुरुवातीची शंभर पानं संथ आहेत पण नंतर पकड घेतं, आणि तेच तर आपल्याला हवं असतं. स्टारप्रमाणे रिव्ह्यू गाळून बघता येतात, तो फिल्टर लावा.

स्टोरीग्राफ हे नादिया ओडुनायो या डेव्हलपर बाईंनी २०१९ मध्ये आणलेलं ॲप आहे आणि आपल्या कामासाठी मला ते गुडरीड्सपेक्षा बरं वाटतं. कारण तिथे वाचकांना पुस्तकाचा मूड विचारतात, वेग विचारतात, संथ, मध्यम की जलद, आणि पुस्तक घटनांवर चालतं की पात्रांवर हेही विचारतात. म्हणजे वरच्या चार दारांपैकी दोन तर इथे आयतीच मोजून मिळतात. कंटेंट वॉर्निंगही असतात, हिंसा, आत्महत्या, प्राण्यांचे हाल वगैरे, किती प्रमाणात आहे त्यासकट. वाचकांनीच भरलेल्या असतात त्यामुळे शंभर टक्के विसंबू नका, पण कॉलेजच्या मुलीला थ्रिलर देण्याआधी एकदा नजर टाकलेली बरी. गुडरीड्सवरची तुमची यादी फाइल म्हणून उतरवून इथे चढवता येते, परत सगळं टाइप करावं लागत नाही.

व्हिचबुक हे ब्रिटिश प्रकरण मजेशीर आहे. तिथे नाव, लेखक काही टाकायचंच नाही, स्लायडर सरकवायचे, आनंदी ते दुःखी, सोपं ते अवघड, लहान ते मोठं, सौम्य ते हिंसक असे, एका वेळी चारपर्यंत. ‘मूड सांग, पुस्तक देते’ असा खेळ आहे. पुस्तकं इंग्रजीतली किंवा इंग्रजीत अनुवाद झालेली, पण समोरच्याला स्वतःला काय हवंय ते कळत नसेल तर त्याच्याच हातात फोन द्या आणि स्लायडर सरकवू द्या, दोन मिनिटांत तुम्हाला त्याच्याबद्दल बरंच कळतं, मग सुचवायचं पुस्तक मराठी का असेना.

लिटरेचर-मॅप म्हणजे एक लेखक टाकला की आजूबाजूला इतर लेखकांची नावं तरंगायला लागतात, जितकं जवळ तितके दोघांचे वाचक सारखे. दिसायला छान, इंग्रजी वाचकासाठी ठीक, मराठी लेखकासाठी वेळ घालवू नका.

अमेरिका-कॅनडात असाल तर आधी गावातल्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढा. बऱ्याच लायब्रऱ्या नॉव्हेलिस्ट नावाचा डेटाबेस विकत घेतात आणि कार्डवर तो तुम्हाला घरून फुकट उघडता येतो, त्यात पुस्तक का आवडू शकतं त्याचे शब्द व्यवस्थित लावलेले असतात आणि ‘हे आवडलं तर हे’ या याद्या माणसांनी विचार करून केलेल्या असतात. लिब्बी ॲपवर त्याच कार्डाने ई-बुक आणि ऑडिओबुक. आणि बऱ्याच लायब्रऱ्यांच्या साइटवर ‘हे पुस्तक विकत घ्या’ असा सुचवणीचा फॉर्म असतो, मराठी मंडळातल्या दहा जणांनी तो भरला तर मराठी पुस्तकं मागवण्याचा विचार होऊ शकतो, लोक भरतच नाहीत.

स्टेप ३: मराठीसाठी खरी शोधाशोध

इथे जरा थांबू, कारण अडचण इथेच आहे. सर्च बॉक्सला मराठी येत नाही असं नाही, पण आपण एकच शब्द सतरा तऱ्हांनी लिहितो. ययाती आणि ययाति, माडगूळकर आणि माडगुळकर. जुन्या पुस्तकात, म्हणजे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या, नांव, कांहीं असे जादा अनुस्वार असतात आणि कॅटलॉगवाल्याने ते जसेच्या तसे उतरवलेले असतात. त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी देवनागरीत लेखकाचं फक्त आडनाव. नाही मिळालं तर इकार-उकार बदलून. मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंग, मृत्युंजयचं ‘मृ’ कुणी एम-आर-आय लिहितं, कुणी एम-आर-यू. पूर्ण नाव टाकून “सापडत नाही” म्हणून सोडून देऊ नका.

परदेशातल्या लायब्रऱ्यांसाठी एक खास खाच आहे जी कुणी सांगत नाही. जगभरच्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग म्हणजे वर्ल्डकॅट, आणि अमेरिकन विद्यापीठांत मराठी पुस्तकं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत कारण लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत ऑफिस आहे, १९६२ पासून, ते आपल्या भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडे पाठवतं. पण तिथल्या नोंदी ज्या पद्धतीने रोमनमध्ये लिहितात त्यात आपण न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहिला जातो. म्हणजे माडगूळकर शोधताना नेहमीच्या स्पेलिंगने कमी सापडलं तर एम-ए-डी-ए-जी-यू-एल-ए-के-ए-आर-ए असं, मधे आणि शेवटी ए घालून टाका, खांडेकरांनाही शेवटी ए. लगेच भसाभस पुस्तकं येतात. सापडल्यावर तुमच्या जवळच्या लायब्ररीला आंतरग्रंथालयीन कर्जाऊ मागणीबद्दल (म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक आपल्या लायब्ररीमार्फत मागवणं) विचारा, त्यांना सवय असते.

आयएसबीएन नंबर, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, असेल तर तोच टाका, स्पेलिंगची कटकटच नाही. भारतीय पुस्तकाचा नंबर ९७८ च्या पुढे ८१ किंवा ९३ ने सुरू होतो. जुन्या मराठी पुस्तकांना मात्र बहुतेक वेळा नंबरच नसतो.

आता कुठे शोधायचं. विकत घ्यायचं असेल किंवा नुसतं चाळायचं असेल तर बुकगंगा हे ऑनलाइन दुकान, तिथे बऱ्याच पुस्तकांची काही पानं वाचायला मिळतात आणि मी कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा त्या पानांवर जास्त विश्वास ठेवते. पहिली पाच पानं वाचून भाषा कळते, टाइप केवढा आहे ते कळतं. किंडलवरही फुकट सॅम्पल मागवता येतं. मोठ्या प्रकाशकांच्या स्वतःच्या साइट बघा, पुस्तक आत्ता छापात आहे की नाही हे तिथे नक्की कळतं, दुकानांच्या साइटवर वर्षानुवर्षं ‘आउट ऑफ स्टॉक’ पडून असतं.

कुणाला काय सुचवावं याची डोक्यात काहीच यादी नसेल तर साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची भाषावार यादी उघडा. मराठीला पहिला पुरस्कार १९५५ चा, म्हणजे जवळपास सत्तर वर्षांची यादी आहे. पण मुख्य पुरस्कारापेक्षा मला उपयोग होतो तो बाजूच्या तीन याद्यांचा, बालसाहित्य पुरस्कार (२०१० पासून), युवा पुरस्कार (२०११ पासून) आणि अनुवाद पुरस्कार. मुलांसाठी कुणी विचारलं की लोक पन्नास वर्षांपूर्वीची तीच चार नावं सांगतात, आत्ताचे लेखक कोण हे या यादीवरून कळतं. लेखकाची बाकीची पुस्तकं बघायला मराठी विकिपीडिया आणि मराठी विश्वकोशाची साइट, विकिपीडियावरची यादी मात्र दुसरीकडे ताडून घ्या, कुणीही काहीही भरतं.

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची पुस्तकं उतरवून घेता येतात, आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची पीडीएफ आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं खूप आहेत, फक्त नावं अशी काही रोमनमध्ये लिहिलीत की देवाला दया यावी, तिथे वरची स्पेलिंगची सगळी कसरत करावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे १९१९ मध्ये गेलेले हरिभाऊ आपटे किंवा गडकरी, १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी, यांचं बिनधास्त वाटा. हयात लेखकाचं स्कॅन केलेलं पुस्तक वॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे पुस्तक सुचवणं नाही, ती चोरी आहे, आणि मराठी प्रकाशकाची आवृत्ती किती लहान असते हे माहीत असेल तर तुम्ही ते करणार नाही.

लहान मुलांसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही फुकट गोष्टींची साइट. २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्या पाडल्यात, फोनवर वाचा, पीडीएफ काढून छापा, वर्गात वाटा, सगळ्याची परवानगी आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी पातळी वयाने ठरवू नका. दहा वर्षांच्या मुलाला मराठी वाचायला पहिली-दुसरी पातळीच झेपते पण चित्रातला ससा बघून त्याला अपमान वाटतो, तेव्हा सोप्या पातळीतलीच पण विज्ञानाची किंवा खऱ्या माणसांची गोष्ट शोधा.

ऐकणाऱ्यांसाठी स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक चांगली आहेत. इथे लेखकाइतकाच वाचणारा महत्त्वाचा, सुचवण्याआधी दोन मिनिटं नमुना ऐका.

आणि ज्यात इंग्रजी टूल आणि मराठी शोध एकत्र येतात ती युक्ती सांगते. समोरच्याने एखादं इंग्रजी पुस्तक आवडलं म्हणून सांगितलं, त्याला मराठी हवंय. स्टोरीग्राफवर त्या पुस्तकाचं पान उघडा आणि फक्त विशेषणं लिहून घ्या, संथ, पात्रांवर चालणारं, हळवं, छोटं गाव, दोनशे पानांच्या आत. मग नाव विसरून जा आणि या विशेषणांना लागू पडणारं मराठी पुस्तक आठवा, किंवा वाचनालयातल्या जुन्या माणसाला हीच विशेषणं सांगून विचारा. वरच्या वर्णनाला माझ्या डोक्यात लगेच बनगरवाडी येतं, माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर, १९५५ चं पुस्तक, पातळ. कुठल्याही अल्गोरिदमने ही जोडी लावून दिली नसती.

नाव आठवत नाही, कव्हर निळं होतं

हा वेगळाच प्रकार आहे. इंग्रजी पुस्तक असेल तर गुडरीड्सवर आणि रेडिटवर यासाठीच वाहिलेले ग्रुप आहेत, गोष्ट, अंदाजे कधी वाचलं, कुठल्या वयात, एवढं लिहिलं की लोक थक्क करणाऱ्या वेगाने सांगतात. मराठीत असं विचारणाऱ्याला आधी विचारा, “हे पुस्तक होतं की शाळेतला धडा?” निम्म्या वेळा धडा निघतो. बालभारतीने जुनी पाठ्यपुस्तकं ऑनलाइन ठेवली आहेत, तो माणूस कुठल्या साली कितवीत होता ते काढलं की पुस्तक उघडून अनुक्रमणिका बघायची, धड्याखाली लेखक आणि कशातून घेतलंय तेही बऱ्याचदा असतं. लोकांना याचा झालेला आनंद बघण्यासारखा असतो.

एआयला विचारावं का

विचारा, पण नाव विचारू नका. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या पेपरात उन्हाळी वाचनाची यादी छापून आली होती, १५ पुस्तकं, त्यातली १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, नावाजलेले, पण पुस्तकं बनावट, वर प्रत्येकाचा कथासारांश. बाहेरून आलेल्या पुरवणीचा मजकूर एआयकडून लिहून घेतला होता आणि कुणी तपासला नव्हता. इंग्रजीत, एवढा माल उपलब्ध असताना ही गत, तर मराठीत काय होईल विचार करा. मराठीत एआय लेखक आणि पुस्तकाची सर्रास अदलाबदल करतो आणि इतक्या आत्मविश्वासाने की आपल्यालाच शंका यावी.

त्याचा चांगला उपयोग म्हणजे, समोरच्याने बोललेलं जसंच्या तसं टाकून विचारा की या वाचकाला पुस्तकातलं नेमकं काय आवडत असावं आणि मी अजून कुठले तीन प्रश्न विचारू. किंवा तुमची स्वतःची तपासलेली यादी देऊन त्यातूनच निवडायला सांगा. त्याने नाव दिलंच तर दोन ठिकाणी बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका, एक प्रकाशक किंवा दुकान आणि एक लायब्ररीचा कॅटलॉग.

स्टेप ४: पाठवण्याआधी

पुस्तक मिळतंय का, केवढ्याला, ही संक्षिप्त आवृत्ती तर नाही ना, अनुवाद असेल तर कुणाचा (एकाच पुस्तकाचे दोन-तीन मराठी अनुवाद असतात आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो), मालिकेतलं असेल तर कितवं. पाच मिनिटांचं काम आहे. समोरच्याच्या जवळच्या वाचनालयात असेल तर तेच सांगा, प्रत्येक वेळी विकत घ्यायला लावू नका.

स्टेप ५: सांगायचं कसं

तीन पुस्तकं, जास्त नाही. वीस नावांची यादी पाठवली की माणूस ‘वा, सेव्ह करून ठेवते’ म्हणतो आणि एकही वाचत नाही. तिनातलं एक हमखास आवडेल असं, एक थोडं बाजूचं, आणि एक जुगार. कथासारांश सांगू नका, त्याने सांगितलेल्या गोष्टीला धागा जोडा, आणि पुस्तकातली एक अडचणही सांगून टाका. असं काहीतरी:

“काकू, तुम्ही म्हणालात ना की मृत्युंजयमध्ये प्रत्येकाची बाजू कळते ते आवडलं, तर ययाती बघा, त्यातही तिघं आपापलं सांगतात. भाषा जरा अलंकारिक आहे, घाई करू नका. कर्णच हवा असेल तर राधेय. आणि कधी वेगळं वाचावंसं वाटलं तर युगांत, पण ती कादंबरी नाही बरं का, लेख आहेत, आणि त्यात कुणाचीच गय केलेली नाही. तिन्ही आपल्या वाचनालयात आहेत का ते विचारून कळवते.”

‘वाचायलाच हवं’, ‘हे वाचलं नसेल तर काय वाचलं’ असलं काही लिहू नका, त्याने माणूस दबतो. आणि पुस्तक सोडायची परवानगी आधीच द्या. नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम आहे, पन्नास पानं वाचून बघा, नाही जमलं तर सोडा, आणि तुमचं वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं. सत्तरीच्या आजोबांना तीस पानं पुरे. हा नियम सांगितला की ज्येष्ठ मंडळी फार खूश होतात.

स्टेप ६: नोंद

साधी गूगल शीट पुरते. पुस्तक, लेखक, पानं, कुठलं दार (गोष्ट, पात्रं, स्थळ, भाषा), वेग, काय सांभाळायचं, कुठे मिळतं. आपण वाचलेलं प्रत्येक पुस्तक संपल्या संपल्या यात टाका, महिन्याने ‘छान होतं’ एवढंच आठवतं. न वाचलेलं पण दुसऱ्या भरवशाच्या माणसाने सांगितलेलं असेल तर तसं लिहा आणि सुचवतानाही “मी वाचलेलं नाही, पण” असं सांगा, त्यात काही कमीपणा नाही. कुठलाच ग्रंथपाल सगळं वाचत नाही.

कुणाला काय दिलं त्याची वेगळी शीट ठेवा आणि ती शेअर करू नका. कोण घटस्फोटावर वाचतंय, कोण नैराश्यावर, हे सोसायटीच्या ग्रुपवर जायची गरज नाही. ग्रुपवर कुणी अशा विषयावर पुस्तक विचारलंच तर उत्तर पर्सनलवर द्या.

महिन्याभराने विचारा, पण “वाचलंत का?” असं नको, ते गृहपाठ तपासल्यासारखं वाटतं. “कितव्या पानापर्यंत गेलात?” असं विचारा. “चाळीसपर्यंत, मग कंटाळा आला” असं उत्तर आलं की काय झालं तेव्हा ते विचारा, कुठल्या प्रसंगापाशी थांबलात, आणि ते उत्तर शीटमध्ये लिहून पुन्हा स्टेप एकपासून सुरू करा, या वेळी तुमच्याकडे सोडलेल्या पुस्तकाची ताजी माहिती आहे.